मृतांचा माग काढणारी कुत्री महाराष्ट्राला हवीत

इर्शाळवाडीत ५७ माणसं अजून मातीखाली आहेत. तळियेत ३१. दोन्ही ठिकाणी सरकारने शोध थांबवला, बेपत्ता माणसांना मृत ठरवलं, वारसांना मदत दिली, नवी घरं बांधायला घेतली. त्या त्या वेळी शोध थांबवण्याचा निर्णय बरोबर होता, असंच मी म्हणेन. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली वाडी गाडली गेली. तिथे जायला रस्ता नव्हता, जेसीबी चढत नव्हता. जवान आणि आसपासच्या गावचे लोक फावड्या-घमेल्यांनी चिखल उपसत होते आणि डोक्यावर पाऊस कोसळत होता. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा तो डोंगर चढतानाच जीव गेला. २३ जुलैला काम थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते. महाड तालुक्यातल्या तळियेवर २२ जुलै २०२१ ला दरड आली. तिथे ५३ मृतदेह सापडले आणि चार-पाच दिवसांनी, नातेवाइकांशी बोलून, खोदकाम बंद झालं.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. पावसाळ्यात थांबलेला शोध हिवाळ्यात पुन्हा सुरू करता येतो. काही वर्षं उलटून गेल्यावरही करता येतो. आणि तो एकही खड्डा न खणता करता येतो. त्यासाठी वेगळ्या शिकवणीची कुत्री लागतात, मेलेल्या माणसाचा, अगदी जुन्या हाडांचासुद्धा वास ओळखणारी. महाराष्ट्राने अशी कुत्री स्वतः तयार करावीत आणि सगळ्यात आधी ती या दोन गावांत न्यावीत. तिथल्या कुटुंबांनी हो म्हटलं तर.

मी पोलिसांत श्वान हस्तक होतो. निवृत्तीनंतर मुलाकडे, मुंबईत कांजूरमार्ग पूर्वेला राहायला आलो. नोकरीत असताना कुठेही खून-दरोडा झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आमच्याबद्दल एक वाक्य ठरलेलं असायचं: श्वानाने रस्त्यापर्यंत माग दाखवला व ते तिथेच घुटमळले. वाचणाऱ्याला वाटतं, कुत्रं चुकलं. खरं म्हणजे माणूस तिथून गाडीत बसून निघून गेलेला असतो आणि कुत्र्याने तेवढं बरोबर सांगितलेलं असतं. लोकांच्या मनात पोलिसांचं कुत्रं म्हणजे एकच, सगळं हुंगणारं. तसं ते नसतं. ट्रॅकर कुत्रं माणसाचा ताजा माग काढतं. स्फोटकाचं कुत्रं फक्त स्फोटकच सांगतं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ज्याने हजारो किलो आरडीएक्स शोधून दिलं, त्या झंजीरला मुंबई अजून विसरलेली नाही. त्याला कुणी चोराच्या मागावर सोडलं नसतं. आणि आपत्तीच्या ठिकाणी येणारं बचावाचं कुत्रं जिवंत माणूस शोधतं. ढिगाऱ्याखाली श्वास चालू असलेला माणूस असला की ते भुंकतं.

या बचावाच्या कुत्र्याला मुद्दामच मेलेल्याचा वास शिकवत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकेक तास मोलाचा असतो. त्या वेळी कुत्रं मृतदेहापाशी थांबून राहिलं तर दहा पावलांवरचा जिवंत माणूस हातचा जाईल. हे शहाणपणाचंच आहे. पण ते दोन-तीन दिवस सरले, की ज्या कुत्र्याची गरज असते ते कुत्रं तिथे नसतं. मग उरतात पोकलेन, फावडी आणि अंदाज. इथे घर होतं, तेव्हा माणसं इथे असतील, असं धरून खणायचं. दरडीत घरं जागेवर राहत नाहीत. ओटा एकीकडे, छप्पर शंभर पावलं खाली आणि माणसं आणखी कुठे.

या गोष्टीचा विचार माझ्या डोक्यात शिरला तो एका उसाच्या फडात. एका वस्तीवरची म्हातारी बाई हरवली होती. माझ्याकडे तेव्हा राणी नावाची डॉबरमन होती. तिला म्हातारीच्या लुगड्याचा वास दिला. राणी पट्टा ताणत पाटाच्या कडेने गेली, फडात शिरली आणि मग तिचं वागणं बदललं. शेपटी खाली गेली, पाठीवरचे केस उभे राहिले, दोन सऱ्यांमध्ये ती गोल गोल फिरली आणि येऊन माझ्या पायाला चिकटून उभी राहिली. रात्री पाऊस झालेला, माग तुटलेला. साहेबांनी विचारलं, काय म्हणतं कुत्रं? कागदावर लिहिता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ट्रॅकरची शिकवण होती माग धरायची आणि माग संपला होता. पंचनाम्यात घुटमळले असंच आलं. पुढे कारखान्याची तोड आली तेव्हा मजुरांना म्हातारीचा सांगाडा मिळाला, राणी फिरत होती तिथून हाकेच्या अंतरावर. राणीला कळलं होतं. कसं सांगायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कुत्र्याच्या नाकाबद्दल थोडं सांगायला हवं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात. चांगल्या कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. शिवाय त्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. श्वास सोडताना हवा त्या चिरांतून मागे जाते आणि पुढची ताजी हवा आत ओढली जाते, त्यामुळे हुंगणं खंडत नाही. कुत्रं जमिनीलगत नाक नेऊन फुसफुसतं तेव्हा त्या उच्छ्वासाने मातीचे बारीक कण उडतात आणि त्यांच्याबरोबर मातीत अडकलेला वासही वर येतो. मी हे इतक्या वेळा जवळून पाहिलं आहे, की नुसत्या आवाजावरून कुत्रं कामात आहे की उगाच रेंगाळतंय हे सांगू शकेन.

मांस कुजतानाचा वास काही काळाने जातो. हाडांचा, दातांचा आणि ज्या मातीने शरीर शोषून घेतलं त्या मातीचा वास मात्र राहतो. त्यात नेमकी कोणती रसायनं कुत्र्याला खुणावतात, यावर शास्त्रज्ञांचं काम अजून चालू आहे. पण ती खुणावतात हे प्रत्यक्ष दिसलेलं आहे. क्रोएशियात वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी द्रविशित्सा नावाची जागा आहे. तिथे ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमाराची थडगी आहेत. म्हणजे जवळपास २७०० वर्षं झाली. झादर विद्यापीठाच्या वेद्राना ग्लावाश या पुरातत्त्वज्ञ बाईंनी तिथे अशी कुत्री नेली. काही थडगी आधीच खणून रिकामी केलेली होती, हाडं प्रयोगशाळेत गेली होती, तरीही कुत्री त्या जागांवर थांबली. मग न खणलेल्या जागीही त्यांनी खुणा दाखवल्या आणि तिथे नवी थडगी मिळाली. वाऱ्यापावसाने झोडपलेला, खडकाळ डोंगर आहे तो, तरीही.

ही थडगी दिसतात कशी, तर दगडांची पेटी आणि तिच्याभोवती दगडांचं वर्तुळ. हे वाचलं तेव्हा मला थेट नागपूर आठवलं. जुनापाणीला, माहुरझरीला, नायकुंडला अशीच शिळावर्तुळं आहेत, लोखंड वापरणाऱ्या त्या काळच्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. एकट्या जुनापाणीत तीनशेच्या आसपास. त्यातली सगळी काही खणून झालेली नाहीत आणि खणू नयेत. प्रत्येक वर्तुळात माणूस सापडतोच असंही नाही, कुठे नुसती भांडी, कुठे घोड्याचा साज. रस्ते, खाणी, प्लॉट यांनी ती वर्तुळं एकेक करून नाहीशी होत आहेत. कुठलं वर्तुळ आधी वाचवायचं, हे कुत्रं चार पावलांत सुचवू शकेल. कुदळीने एकदा खणलं की ती जागा कायमची मोडते. कुत्रं बसतं आणि उठून जातं.

जे हाडांचं, तेच राखेचं. कॅलिफोर्नियात २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये वणव्याने सांता रोझा गावची हजारो घरं जळाली. तिकडे आईवडिलांच्या अस्थी घरातच कलशात ठेवायची पद्धत आहे. घर जळून राख झालं, आता त्या राखेत बाबांची राख कुठली? तिथल्या एका श्वानसंस्थेने आपली कुत्री आणि सोबत पुरातत्त्वज्ञ पाठवले. कुत्र्याने राखेच्या ढिगात जागा दाखवायची आणि पुरातत्त्वज्ञांनी हाताने ती राख उचलायची. सिमेंट, लाकूड, पत्रे, गाद्या, सगळ्याच्या राखेतून माणसाची राख वेगळी काढली त्यांनी. ज्यांच्या घरी अस्थी विसर्जनापर्यंत झाडाला टांगून ठेवतात, त्यांना या कामाची किंमत मी समजावून सांगायला नको.

वाचलेलं आपल्या हाताने पाहावं म्हणून मी इथे कांजूरला एक प्रयोग केला. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने सांभाळलेला एक गावठी कुत्रा आहे, काळू. माझी दाढ काढली तेव्हा डॉक्टरांकडून मी ती मागून घेतली. पत्र्याचे तीन डबे घेतले, झाकणांना भोकं पाडली. एकात दाढ, दुसऱ्यात मटणवाल्याकडून आणलेलं बोकडाचं हाड, तिसऱ्यात कोंबडीचं, तिन्ही स्वच्छ धुऊन वाळवलेली. काळू अर्थातच बोकडाच्या डब्याला चिकटला. त्याला हाकललं नाही, रागावलो नाही, फक्त तिथे काही दिलं नाही. दाढेच्या डब्यापाशी नाक गेलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. पुढे त्याला तिथे खाली बसल्यावरच अंडं मिळायला लागलं. काही आठवड्यांत तो बोकडाचं हाड ओलांडून दाढेपाशी जाऊन बसायला लागला. आमच्याकडे कचऱ्याच्या डम्पिंगवरून वारा सुटला की लोक खिडक्या लावून घेतात, नाकाला रुमाल धरून स्टेशन गाठतात. त्या वाऱ्यातही काळू चुकत नव्हता.

मग ती दाढ चहाच्या जुन्या गाळणीत बांधून कंपाउंडमधल्या मातीत पुरली आणि एक पावसाळा जाऊ दिला. पावसाळ्यानंतर वॉचमनला सांगितलं, तू जागा बदल आणि मला सांगू नकोस. हे फार महत्त्वाचं. हस्तकाला जागा ठाऊक असली की त्याचं पाऊल तिथे नकळत रेंगाळतं, पट्टा ढिला पडतो, आणि कुत्रं जमिनीऐवजी आपल्या माणसाला वाचतं. काळू दोन झाडं सोडून तिसऱ्यापाशी बसला. वॉचमन मान हलवत होता, बरोबर म्हणून. दुसऱ्या खेपेला मात्र काळू गटाराच्या जाळीपाशी बसला आणि दाढ होती वरच्या बाजूला, बरीच दूर. आदल्या संध्याकाळी माळ्याने तिथे पाणी सोडलं होतं. पाणी दाढेवरून वाहत जाळीपर्यंत आलं आणि वास घेऊन आलं. काळूने वास जिथे होता ती जागा सांगितली होती. दाढ कुठे आहे हे ओळखायचं तर उताराचा विचार माणसाने करायचा असतो.

सोसायटीच्या आवारातला कुत्रा म्हणजे सह्याद्रीतलं पथक नव्हे, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तळियेच्या उतारावर काय होईल, ते त्या जाळीपाशी दिसलं. दरडीच्या मातीतून पावसाचं पाणी वर्षानुवर्षं झिरपतं, खडकाच्या थरावर आलं की आडवं वाहतं, कुठेतरी झरा होऊन बाहेर पडतं. वास त्या झऱ्यापाशी येतो. म्हणून एका कुत्र्याच्या एका बसण्यावर काही ठरवायचं नसतं. दोन-तीन कुत्री, वेगवेगळे हस्तक, एकाने दाखवलेली जागा दुसऱ्याला न सांगता. प्रत्येक जागेची नोंद नकाशावर करायची आणि भूगर्भशास्त्र जाणणाऱ्या माणसाने उतार, पाण्याची वाट पाहून अर्थ लावायचा. जमिनीत लहरी सोडून आतलं चित्र दाखवणारं रडार यंत्र असतं, ते मग त्या मोजक्या जागांवर फिरवायचं. अख्ख्या डोंगरावर ते फिरवणं शक्य नसतं.

मर्यादा आणखीही आहेत, त्या लपवून ठेवल्या तर या कामाचं नुकसानच होईल. अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकन वैमानिक १९३७ मध्ये पॅसिफिकवर बेपत्ता झाली. २०१७ मध्ये निकुमारोरो बेटावर चार बॉर्डर कॉली कुत्री तिच्या शोधात नेली होती. एका झाडाखाली कुत्र्यांनी इशारा दिला. खणल्यावर हाड मिळालं नाही. कुत्र्याचा इशारा म्हणजे पुरावा नव्हे, तो खणण्याआधीचा सल्ला असतो. दुसरं, कुत्रं माणूस आहे एवढंच सांगतं, कोण आहे ते सांगत नाही. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थींचा शोध पुरातत्त्व खात्याने बरीच वर्षं घेतला. २००४ मध्ये हाडं मिळाली. त्या चर्चच्या फरशीखाली कितीतरी जणांना पुरलेलं, तिथे कुत्रं जागोजागी बसलं असतं. ती हाडं राणीची हे पटलं हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेतल्या डीएनए तपासणीमुळे, आणि २०२१ मध्ये भारताने अस्थी जॉर्जियाला दिल्या. म्हणजे कुत्रं हे कामाचं पहिलं टोक आहे, शेवटचं नव्हे.

भारतात हे कुणी करत नाही असं समजू नका. केरळ पोलिसांनी माया आणि मर्फी ही बेल्जियन मॅलिनॉय कुत्री याच कामासाठी तयार केली. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये मुंडक्कई, चूरलमलावर दरड आली, तेव्हा ती तिथे राबली. पुढच्या वर्षी, २२ फेब्रुवारी २०२५ ला, तेलंगणात श्रीशैलम कालव्याच्या बोगद्यात आठ माणसं अडकली. यंत्रं चालेनात, चिखल आणि पाणी. तेव्हा केरळहून माया आणि मर्फीला विमानाने नेलं. त्यांनी दाखवलेल्या जागी खणायला घेतलं आणि पहिला मृतदेह मिळाला. आठांपैकी दोनच मिळाले, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलानेही आपली काही कुत्री मृतांचा वास ओळखायला शिकवायला घेतली, तमिळनाडूत अराक्कोनमला आणि गाझियाबादला. त्यासाठीचा खास गंध बाहेरच्या देशातून आणावा लागला.

तेलंगणाने केरळकडे मागितली. उद्या आपण कुणाकडे मागणार आहोत? जुलै २००५ मध्ये महाडजवळ जुई आणि दासगाव, २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण, जिथे १५१ मृतदेह काढावे लागले, मग तळिये, मग इर्शाळवाडी. आणि फक्त कोकण-मावळच का, तळियेच्या चारच दिवस आधी, १८ जुलै २०२१ ला, आमच्या शेजारी विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये दरडीने झोपड्या चिरडल्या. पार्कसाइटपासून भांडुपपर्यंत टेकडीच्या उतारावर माणसं राहतात, जुलै लागला की त्यांना दरवर्षी नोटिसा लागतात. ज्या राज्यात दर दोन-चार वर्षांनी डोंगर माणसांवर येतो, त्या राज्याजवळ हे कुत्रं घरचं असायला हवं. आमच्या पोलीस दलात असं पथक माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिलं नाही.

लोक म्हणतील, आधी जिवंत माणसांचं बघा. दरडप्रवण वाड्या हलवा, इशारे वेळेवर द्या, मग मेलेल्यांकडे वळा. पुनर्वसन आधी हवं, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण चार-सहा कुत्र्यांच्या पथकापायी कुठल्याही वाडीचं पुनर्वसन अडणार नाही. आणि कुटुंबांना याची काय गरज, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या मजल्यावरच्या वहिनींना भेटावं. त्या तळियेकडच्याच. त्यांची चुलत बहीण त्या दिवशी गेली, सापडली नाही. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. कायद्याने बेपत्ता माणूस मृत मानायला एरवी सात वर्षं थांबावं लागतं, इथे सरकारने लवकर ठरवलं, ते चांगलं केलं, कागद अडला नाही. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊ, दिवस केले, कावळा शिवला, सगळं रीतीने झालं. पण गावी जाते तेव्हा हात कुठे जोडायचे ते कळत नाही. अख्ख्या डोंगराला जोडते.” मी विचारलं, कुत्र्याने जागा दाखवली तर खणाल का? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, “खणायचं नाही. एक दगड ठेवीन.”

वायनाडमध्ये ज्यांची ओळख पटली नाही अशांना पुत्तुमला इथे पुरलं, प्रत्येक थडग्यावर डीएनए नमुन्याचा नंबर घातला, आणि ओळख पटत गेली तशी नावं आली. आपल्याकडे तळिये आणि इर्शाळवाडीत नंबर घालायलाही जागा ठाऊक नाही.

याची तयारी महाराष्ट्रात होऊ शकते. पुण्यात शिवाजीनगरला पोलिसांचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. आणि त्याच पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती ती. मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मुलाला निजवायचं आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले. या हाडांचा, दातांचा अभ्यास डॉ. सु. रा. वाळिंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. जुन्या मानवी हाडांची जाण असलेली अशी माणसं आणि कुत्रं घडवणारी माणसं एका शहरात आहेत. ती कधी एका टेबलाशी बसलेली मी ऐकलेलं नाही. शिकवणीसाठी परदेशातून गंध विकत आणण्याआधी, थडग्यालगतची माती आणि स्वेच्छेने दिलेले दात यांवर आपलं काम सुरू होऊ शकतं. दात तर दवाखान्यात रोज निघतात. ते पेशंटच्या लेखी परवानगीने प्रशिक्षणासाठी घेता येतील असा सरकारने साधा नियम करावा.

कुत्री कोणती? मॅलिनॉय चपळ आहे, लॅब्राडोर शांत आहे. जुन्या अवशेषांच्या कामाला मला शांत कुत्रं बरं वाटतं. हे काम धावत करायचं नसतं. सकाळच्या दवात, ऊन चढण्याआधी, जमीन थंड आणि किंचित ओली असताना, लांब पट्ट्यावर पाऊल पाऊल टाकत. जागेवर आलं की कुत्र्याने बसावं किंवा आडवं पडून राहावं. उकरता कामा नये. उकरणारं कुत्रं या कामातून बाद. पहिली परीक्षा विदर्भातल्या आधीच खणून झालेल्या शिळावर्तुळांवर घ्यावी, जिथे उत्तर आपल्याला माहीत आहे आणि हस्तकाला माहीत नाही. तिथे जे नापास होईल त्याला डोंगरात नेऊ नये.

इर्शाळवाडीच्या बाबतीत मला एक भीती आहे आणि ती बोलून दाखवतो. तिथले लोक ठाकर समाजाचे. ती जागा आता समाधीच आहे, तिला हात लावू नका, असं त्यांच्यातल्या कुणी म्हटलं तर ते ऐकायचं. जुन्या अवशेषांवर काम करणारी पथकं हे काम ज्यांची ती माणसं, त्यांच्या परवानगीशिवाय करत नाहीत, आणि आपण तर आपल्याच माणसांच्या दारात जाणार आहोत. एका घराने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही, तर थांबायचं. वाहिन्यांचे कॅमेरे बरोबर न्यायचे नाहीत. कुत्रं बसलं की तिथे एक छोटी काठी रोवायची, नकाशावर खूण करायची. त्या खुणेचं पुढे काय करायचं ते घरच्यांनी ठरवायचं. तिथे दगड ठेवायचा की दिवा लावायचा, काहीच करायचं नाही, की खणून डीएनए तपासायचा, हे सांगायचा हक्क जिल्हाधिकाऱ्यांना नाही आणि माझ्यासारख्या माणसालाही नाही.

परवानगी मागायला त्या कुटुंबांना खालापूरच्या किंवा महाडच्या तहसील कचेरीत बोलावू नये. या माणसांनी मदतीच्या कागदांसाठी पुष्कळ फेऱ्या मारल्या आहेत. सरकारचा माणूस त्यांच्या नव्या घरी जावा, सोबत हस्तक जावा, आणि जमलं तर कुत्रंही न्यावं, म्हणजे डोंगरावर कोण जाणार आहे ते त्यांना दिसेल. हे दिवाळीनंतर व्हावं. डिसेंबर-जानेवारीत गवत सुकलेलं असतं, सकाळी दव पडतं, उतार पायाखाली धरतो, आणि सूर्य इर्शाळगडावर येईपर्यंत कुत्र्याला दोन-अडीच तास चांगले मिळतात.